न दिलेली माहिती

एखाद्या वेबसाइटवर फॉर्म भरायला घ्यावा, नाव लिहावं, ई-मेल पत्ता टाकावा आणि मग मनात यावं, कशाला द्यायचा यांना पत्ता? लिहिलेलं खोडावं आणि टॅब बंद करावा. ‘पाठवा’ हे बटण काही आपण दाबलेलं नाही, तेव्हा आपण काही दिलेलं नाही, असं धरून आपण पुढच्या कामाला लागतो. 2022 साली बेल्जियम, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी हीच समजूत तपासून पाहिली. सर्वाधिक वर्दळीच्या 1 लाख वेबसाइटवर त्यांनी एक स्वयंचलित ब्राउझर फिरवला, सापडतील ते ई-मेलचे रकाने त्याच्याकडून भरून घेतले आणि बटण न दाबता पडद्यामागे काय घडतं ते नोंदवलं. युरोपातून भेट दिली तेव्हा 1,844 साइटवर आणि अमेरिकेतून भेट दिली तेव्हा 2,950 साइटवर तो पत्ता बटण दाबण्याआधीच जाहिरात किंवा विश्लेषणाचा धंदा करणाऱ्या तिसऱ्याच कुणाकडे जाऊन पोचलेला होता.

या दोन आकड्यांकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. यादी तीच, तपासणारं यंत्र तेच. बदललं ते एवढंच, की भेट देणारा कुठून आला. कायदा कडक असला की उचलेगिरी कमी होते, हे त्यातून दिसतं. थांबत नाही, हेही दिसतं.

पण मला त्यात जास्त अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. खोडलेल्या त्या पत्त्याला नेमकं काय म्हणायचं? मी तो दिला नव्हता. देता देता हात मागे घेतला होता. वैयक्तिक माहितीविषयी आपल्याशी जे काही बोललं जातं, ते सगळं देण्याघेण्याच्या हिशेबानं: तुम्ही माहिती द्या, आम्ही सेवा देऊ, तुम्ही संमती द्या, आम्ही काळजी घेऊ. आणि प्रत्यक्षात साइटजवळ आपल्याबद्दल जे साठतं, त्यातलं फार थोडं आपण दिलेलं असतं.

हे मी अंदाजानं म्हणत नाही. मला एक खोड आहे. ज्या साइटवर ‘माझी माहिती डाउनलोड करा’ असं बटण दिसतं किंवा गोपनीयता धोरणाच्या तळाशी तसा हक्क लिहिलेला सापडतो, तिथे मी तो वापरतो. त्यातून कामाचं काही निघेल ही आशा कमी. आपली नोंद दुसऱ्याच्या दप्तरी कशी दिसते हे बघायची हौस जास्त. काही दिवसांनी झिप फाइल येते. आत बऱ्याच लहान लहान फायली, माणसाने वाचायच्या नसाव्यात अशा नावांच्या. वेळा आपल्या घड्याळाशी न जुळणाऱ्या. कोणत्या यंत्रावरून आलो, त्याचा पडदा केवढा, कोणत्या पानावर किती सेकंद रेंगाळलो, कुठून आलो आणि बाहेर पडताना कोणत्या दुव्यावर टिचकी मारली. मी स्वतः भरलेली माहिती या ढिगात पानभरसुद्धा नसते: नाव, ई-मेल, जन्मतारीख, कधीतरी बदललेला फोन नंबर. बाकी सगळं माझ्या वागण्याचं टिपण. आणि शेवटी, असलीच तर, एक यादी, ‘आवडीचे विषय’ किंवा अशाच एखाद्या निरुपद्रवी नावाची.

ती यादी हे त्या फाइलचं खरं सार. त्यात मी कोण आहे याबद्दल यंत्राने काढलेले अंदाज असतात.

अशा एका यादीत माझ्या नावापुढे एका आजाराचं नाव होतं. तो आजार मला नाही. एका नातलगाचं निदान झाल्यावर मी रात्री जागून त्याविषयी वाचत होतो, एवढीच त्यामागची हकिकत. यंत्राच्या लेखी पडद्यासमोर बसलेला माणूस आणि ज्याच्यासाठी वाचन चाललंय तो माणूस, हे दोघे एकच. म्हणजे घरात जे सगळ्यांचं बघतात, औषधांची नावं शोधतात, डॉक्टरांनी सांगितलेलं पुन्हा पडताळून पाहतात, त्यांच्या नावावर अख्ख्या घराची दुखणी चढत असणार. आई-वडिलांचे गुडघे, मुलाचं अडखळत बोलणं, बहिणीचा घटस्फोट, सगळं एकाच्याच खात्यात.

बरं, ती नोंद दुरुस्त करून घ्यावी म्हटलं तर काय सांगायचं? ‘मला हा आजार नाही’ असं लिहावं, तर ‘आहे’ असं त्यांनी कुठे म्हटलंय? त्यांनी म्हटलंय की मला त्या विषयात रस आहे. आणि तो तर होता! अंदाज अशा बेताने लिहिलेला असतो की तो कधी खोटा ठरूच शकत नाही, आणि तरी त्यावरून मला काय दाखवायचं, काय लपवायचं, कोणत्या गटात बसवायचं, हे ठरत राहतं. दुरुस्तीचा हक्क कायद्यात आहे. तो जन्मतारखेला उत्तम लागू पडतो.

याहून उघड अंदाजाची गोष्ट ऑस्ट्रियात घडली. तिथल्या पोस्टाने 2017 पासून लोकांचा राजकीय कल कुठे असावा याचे आडाखे बांधायला सुरुवात केली. कुणाला विचारून नव्हे; वय, वस्ती असल्या सामाजिक निकषांवरून गणित करून. त्यात एका माणसाचा एका विशिष्ट पक्षाकडे चांगलाच ओढा आहे, असं निघालं. ते त्याला अपमानास्पद वाटलं. त्याचा तो आडाखा पोस्टाने बाहेर कुणाला दिलेला नव्हता, तरी आपल्याबद्दल असं काही लिहून ठेवलंय या कल्पनेनेच तो अस्वस्थ झाला, आणि त्या मनस्तापापोटी 1,000 युरोंची भरपाई मागत कोर्टात गेला. प्रकरण युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. 4 मे 2023 च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की नुसता नियमभंग झाला म्हणून भरपाई मिळत नाही, नुकसान दाखवावं लागतं. पण ते नुकसान अमुक इतकं गंभीरच असलं पाहिजे अशी अटही घालता येणार नाही. मनाला झालेला त्रास हे नुकसान असू शकतं, एवढं दार उघडं राहिलं.

त्या माणसाबद्दल मला आपुलकी वाटते. फसवणूक नाही, पैशांची चोरी नाही, पत्ता फुटला नाही. त्याची तक्रार एवढीच की माझ्या माघारी तुम्ही मला काहीतरी ठरवलंत. आपल्या बहुतेकांची तक्रार मुळात हीच आहे, पण ती बोलून दाखवायला आपण बिचकतो, कारण लगेच समोरून प्रश्न येतो: मग तुझं बिघडलं काय?

या प्रश्नाला 1983 साली एक चांगलं उत्तर देऊन झालेलं आहे. पश्चिम जर्मनीत तेव्हा जनगणना होणार होती आणि लोकांनी तिला कडाडून विरोध केला होता. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने त्या वर्षीच्या डिसेंबरात निकाल देताना एक फार मानवी निरीक्षण नोंदवलं. आपल्याबद्दल कुणाला काय ठाऊक आहे हेच ज्याला कळत नाही, तो माणूस हळूहळू स्वतःचं वागणं बदलतो. वेगळं काही केलं तर त्याची कायमची नोंद होईल या भीतीने तो वेगळं काही करणंच सोडतो, सभेला जायचं टाळतो, गप्प बसतो. नुकसान असं घडतं: आधी, आणि कुणाला न दिसता. आपली माहिती कुणी कशी वापरायची हे ठरवण्याचा मूलभूत अधिकार व्यक्तीचा आहे, असं त्या न्यायालयाने मानलं. त्याच जर्मनीतल्या हेसे राज्याने 1970 साली जगातला पहिला डेटा संरक्षण कायदा केला होता, आणि अमेरिकेत 1973 साली एका सरकारी समितीने संगणकीय नोंदींसाठी जी तत्त्वं मांडली, त्यात अगदी पहिलं हे होतं की जिचं अस्तित्वच गुप्त आहे अशी वैयक्तिक माहितीची कोणतीही यंत्रणा असता कामा नये. दुसरं हे की आपल्याबद्दल काय नोंदलंय आणि ते कशासाठी वापरलं जातंय, हे माणसाला शोधून काढता आलं पाहिजे.

वेबसाइट नावाची गोष्ट तेव्हा जन्मायची होती. पण आज आपण ज्यांना ग्राहकाचे हक्क म्हणतो (काय आहे ते दाखवा, चुकलं ते सुधारा, नको ते पुसा, दुसऱ्याला विकू नका) त्यांची मुळं तिथेच आहेत. मला यात पाहण्याचा हक्क सर्वांत मोठा वाटतो. बाकीचे तिघे त्याच्या जिवावर उभे आहेत. जे दिसलंच नाही ते सुधारायला कसं सांगणार?

ऑस्ट्रियातल्याच माक्स श्रेम्स या कायद्याच्या विद्यार्थ्याने 2011 साली फेसबुककडे आपली माहिती मागितली, तेव्हा त्याच्या हाती 1,200 हून अधिक पानं आली. त्यात त्याने आधीच डिलीट केलेल्या गोष्टीही होत्या. पुढे याच माणसाच्या खटल्यांमुळे युरोप आणि अमेरिका यांच्यातले माहितीच्या देवाणघेवाणीचे करार एकदा 2015 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये रद्द झाले. सुरुवात कशाने झाली? दाखवा म्हणण्याने. फ्रेंच पत्रकार ज्युदिथ द्युपोर्ताय हिने 2017 मध्ये टिंडर या डेटिंग अ‍ॅपकडे तशीच मागणी केली आणि तिला सुमारे 800 पानं मिळाली. स्वतःचेच विसरलेले संवाद, स्वतःच्याच सवयी. माणूस विसरतो, आणि विसरतो म्हणून पुढे जाऊ शकतो. सर्व्हरला ती सोय नाही.

खरं तर सुरुवातीला वेबसाइटला कसलीच आठवण नव्हती. प्रत्येक पान मागताना तुम्ही तिच्यासाठी नवखे. दुकानाच्या साइटवर एक वस्तू निवडून दुसऱ्या पानावर जावं, तर पहिली वस्तू गायब. 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू माँटुली या अभियंत्याने त्यावर तोडगा काढला: साइटने एक छोटी चिठ्ठी तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवायची आणि पुढच्या वेळी ती परत वाचायची. हीच कुकी. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देऊन टाकणं त्याहून सोपं होतं, पण मग त्या क्रमांकावरून सगळ्याच साइटना माणूस ओळखता आला असता, म्हणून माँटुलीने तो मार्ग टाळला. ज्या साइटने चिठ्ठी ठेवली, तिलाच ती वाचता यावी, असा कुकीचा मूळ बेत. म्हणजे जिला आपण आज पाळतीचं हत्यार म्हणतो, ती जन्मताना खासगीपणाचा विचार करून घडवलेली होती.

घोटाळा झाला तो पानाच्या रचनेमुळे. एकच दिसणारं पान प्रत्यक्षात अनेक ठिकाणांहून गोळा होतं: मजकूर इथला, चित्र तिथलं, जाहिरात तिसरीकडची. जिथून जाहिरात येते, तेही एक संकेतस्थळच. त्यालाही स्वतःची चिठ्ठी ठेवता येते. आणि हीच जाहिरात कंपनी हजारो पानांवर असेल, तर प्रत्येक ठिकाणी ती स्वतःचीच चिठ्ठी वाचते. नियम कुठेही मोडला नाही, आणि तुमचा अख्खा प्रवास एकाच्या हाती आला. धोका लगेच ओळखला गेला होता. फेब्रुवारी 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कुकीच्या पहिल्या औपचारिक मानकात, अशा तिऱ्हाईत कुकी ब्राउझरने मुळातच बंद ठेवाव्यात, असं सांगितलेलं होतं. त्या काळच्या दोन्ही मोठ्या ब्राउझरनी ते मानलं नाही. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरने 2020 मध्ये त्या सरसकट बंद केल्या. गूगलनेही त्याच वर्षी क्रोममधून त्या हटवण्याचं जाहीर केलं, तारखा पुढे पुढे ढकलल्या, आणि शेवटी तो बेतच गुंडाळला.

1997 च्या त्या एका शिफारशीवर माझं मन वारंवार जातं. तेव्हा ती पाळली गेली असती, तर पुढची कितीतरी वर्षं प्रत्येकाने प्रत्येक साइटवर स्वतंत्रपणे ‘नको’ म्हणण्याची वेळ आली नसती. निवड आपल्यापर्यंत पोचण्याआधीच कुणीतरी केलेली असते, आणि ती एका ठिकाणी, एकदाच केलेली असते. आपण करतो ती निवड मात्र दररोज, तुकड्यातुकड्यांनी.

त्या तुकड्यांचं नाव संमतीची पट्टी. तिच्याविषयी लिहायला मला कंटाळा येतो, कारण तिच्याविषयी सगळ्यांना सगळं माहीत आहे. ‘सर्व स्वीकारा’ ठळक रंगात, नकार तीन पायऱ्या आत. आधीच खूण करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, हे युरोपीय न्यायालयाला ऑक्टोबर 2019 मध्ये निकालपत्रात सांगावं लागलं. नकार देणं स्वीकाराइतकंच सोपं ठेवलं नाही म्हणून फ्रान्सच्या नियामकाने गूगलला 15 कोटी आणि फेसबुकला 6 कोटी युरोंचा दंड ठोठावला. तो जाहीर झाला जानेवारी 2022 मध्ये. आणि गोपनीयता धोरणं वाचावीत असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी: 2008 मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी हिशेब मांडला होता, की एका माणसाने वर्षभरात भेट दिलेल्या साइटची धोरणं खरोखर वाचायची ठरवली तर 200 हून अधिक तास जातील. ते 2008 होतं. तेव्हा फोन खिशात शांत पडून असायचे.

‘पुसा’ हा हक्क ऐकायला सर्वांत सुखद. वापरून बघितला की त्याची गंमत कळते. एका साइटला मी माझं सगळं पुसायला सांगितलं. त्यांचं विनम्र उत्तर आलं की पुसलं आहे; फक्त ई-मेल पत्ता ठेवला आहे, आपल्याला पुन्हा संपर्क होऊ नये म्हणून. यात लबाडी नाही. ज्यांना पत्र पाठवायचं नाही त्यांची यादी ठेवल्याशिवाय ते टाळणार कसं? मला विसरण्यासाठी मला लक्षात ठेवणं त्यांना भाग होतं. त्याशिवाय हिशेबाच्या नोंदी कायद्याने ठेवाव्या लागतात, बॅकअपमधून नाव निघायला वेळ जातो, आणि जी प्रत आधीच दुसऱ्याकडे गेली ती तिकडे नांदत असते. युरोपचा कायदा म्हणतो की ज्यांना माहिती दिली त्यांनाही पुसल्याचं कळवा, शक्य असेल तर. त्या ‘शक्य असेल तर’ मधून बरंच काही निसटतं.

आणि नाव काढून टाकल्यावर माणूस निघून जातो, यावर तर कुणी विश्वास ठेवू नये. ऑगस्ट 2006 मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने संशोधकांच्या उपयोगासाठी साडेसहा लाख वापरकर्त्यांचे सुमारे 2 कोटी शोध जाहीर केले. नावं काढली होती, त्या जागी क्रमांक. काही दिवसांतच वृत्तपत्राच्या बातमीदारांनी त्यातल्या एका क्रमांकाच्या शोधांवरून एका वयस्क बाईंचं घर गाठलं. आपलं आडनाव, आपलं गाव, आपल्या कुत्र्याची खोड. माणूस शोधायच्या चौकटीत स्वतःलाच थोडा थोडा लिहीत जातो. त्या बाईंच्या शोधांत अनेक आजार होते, आणि त्यांतले बरेचसे मैत्रिणींचे होते. हे वाचलं तेव्हा माझ्या यादीतला तो आजार मला पुन्हा आठवला.

हक्क बजावण्यातला एक तिढा मात्र मला आधी सुचलाच नव्हता. मी माझी माहिती मागतो, ते ठीक. पण मागणारा मीच आहे हे साइटने कसं ओळखावं? 2019 मध्ये जेम्स पाव्हर या संशोधकाने आपल्या होणाऱ्या पत्नीच्या संमतीने एक प्रयोग केला. तिच्या नावाने त्याने सुमारे 150 कंपन्यांना माहिती मागणारी पत्रं पाठवली. ज्यांच्याकडे तिची माहिती होती, त्यांपैकी जवळपास एक चतुर्थांश कंपन्यांनी धड ओळख न पटवता ती त्याच्या हवाली केली. लोकांच्या रक्षणासाठी केलेला कायदा, आणि त्याच दारातून परका माणूस आत. आता बऱ्याच साइट उलट टोकाला गेल्या आहेत: ई-मेल पत्त्यापलीकडे ज्यांच्याजवळ माझं काही असायचं कारण नाही, त्यांना माझी माहिती द्यायला माझं सरकारी ओळखपत्र हवं असतं. दाखवलं की त्यांच्याजवळ माझी एक गोष्ट वाढली. नाही दाखवलं की अर्ज निकाली.

हे सगळं वाचून माणूस म्हणेल की मग हक्कांना अर्थ काय. मला अर्थ दिसतो, पण तो एकेकट्याने अर्ज करत बसण्यात कमी आहे. सगळं ओझं मागणाऱ्याच्या खांद्यावर टाकलेलं असेल, तर हक्क चिवट आणि रिकामा वेळ असलेल्या लोकांपुरता उरतो. मी त्यांतला एक आहे, आणि मलाही दर वेळी जमत नाही.

म्हणून मला एकदाच म्हटलेल्या ‘नको’ मध्ये रस आहे. असा प्रयत्न आधी एकदा फसला. 2009 च्या सुमारास ‘डू नॉट ट्रॅक’ निघालं: ब्राउझरने प्रत्येक साइटला निरोप द्यायचा, की या माणसाचा माग काढू नका. निरोप पोचत होता. पाळायची सक्ती कुणावरच नव्हती, म्हणून तो कुणी पाळला नाही, आणि 2019 मध्ये त्याचं मानक ठरवणारा गटच बंद झाला. 2020 मध्ये जवळपास तोच निरोप ‘ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल’ या नावाने परत आला. तंत्र म्हणून त्यात नवं फार थोडं. नवं होतं ते हे, की त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचा ग्राहक गोपनीयता कायदा अमलात आला होता, आणि माहितीची विक्री करू नका असं सांगण्याचा हक्क त्यात होता. तिथल्या महाधिवक्त्यांनी ऑगस्ट 2022 मध्ये सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीकडून 12 लाख डॉलर वसूल केले. एक आक्षेप असा, की ब्राउझरकडून आलेला हा निरोप कंपनीने मानला नाही. आम्ही माहिती विकत नाही, असं कंपनीच्या साइटवर लिहिलेलं होतं. पण त्या कायद्यात पैसे हातात पडले तरच विक्री, असं नाही. मोबदल्यात दुसरा काही लाभ मिळाला तरी ती विक्रीच. विश्लेषणाची सोय मिळावी म्हणून माग काढणाऱ्या तिऱ्हाईताला घरात घेतलंत, तर तुम्ही विकलंत. इतकी सरळ व्याख्या मी दुसरीकडे क्वचित वाचली.

त्याच राज्यातल्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने मार्च 2022 मध्ये असंही मत दिलं, की कंपनीने ग्राहकाबद्दल स्वतः काढलेले अंदाज हीसुद्धा वैयक्तिक माहितीच आहे आणि मागितली तर ती दाखवली पाहिजे. तिथल्या आणखी एका कायद्याखाली, नोंदणी झालेल्या सगळ्या डेटा ब्रोकरांना (म्हणजे लोकांची माहिती गोळा करून विकणाऱ्या कंपन्यांना) ‘माझं पुसा’ असं एकाच अर्जात सांगण्याची सरकारी सोय जानेवारी 2026 पासून झाली. 1 ऑगस्ट 2026 पासून ब्रोकरांनी दर 45 दिवसांनी ती यादी पाहून माहिती पुसायची आहे. आणि ‘नको’चा निरोप पाठवायची सोय 2027 पासून ब्राउझरमध्येच असली पाहिजे, असाही कायदा 2025 मध्ये तिथे झाला. 1997 ची ती शिफारस 30 वर्षांनी, एका राज्यापुरती, मागच्या दाराने आत येते आहे.

भारताचा 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा या बाबतीत संमिश्र आहे. 2017 च्या ऑगस्टमध्ये 9 न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. कायदा व्हायला 6 वर्षं गेली, आणि नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, मुख्य तरतुदींना आणखी 18 महिन्यांची मुदत देऊन. तो वाचताना दोन गोष्टींपाशी मी थबकलो. आपल्या मृत्यूनंतर हे हक्क कुणी चालवावेत यासाठी माणूस नेमून ठेवता येतो, ही फार समजूतदार तरतूद. आणि खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली तर तक्रार करणाऱ्यालाच 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, ही मात्र मला समजलीच नाही. ज्याच्याजवळ स्वतःबद्दलची माहितीच नाही, त्याची तक्रार बाहेरून क्षुल्लकच दिसणार. पाहण्याच्या हक्काखाली इथे मिळतो तो माहितीचा सारांश. अंदाजांबद्दल वेगळा शब्द नाही. पण माहिती आणखी कुणाकुणाला दिली त्यांची ओळख सांगा, असं मात्र तो स्पष्ट म्हणतो. युरोपात हाच मुद्दा कोर्टातून मिळवावा लागला: पुन्हा त्याच ऑस्ट्रियाच्या पोस्टाविरुद्ध, जानेवारी 2023 मध्ये. ‘आमचे व्यावसायिक भागीदार’ असं मोघम उत्तर चालणार नाही, मागणाऱ्याला नावं हवी असतील तर नावं द्यावी लागतील, असं तेव्हा ठरलं.

त्यामुळे आता माझे अर्ज आटोपशीर झाले आहेत. मी दिलेली माहिती मी मागतच नाही. ती मला पाठ आहे. मी लिहितो: माझ्याबद्दल तुम्ही काढलेले सगळे अंदाज, ते कशावरून काढले, आणि ते ज्यांना दिले त्यांची नावं कळवा. प्रकार नकोत, नावं हवीत. काही साइट ‘आवडीचे विषय’ वाली यादी धाडून मोकळ्या होतात. काही म्हणतात की आम्ही अंदाज काढत नाही, आणि त्याच उत्तराच्या तळाशी ‘तुमच्यासाठी निवडलेलं’ अशी चौकट असते. कायदा माझ्या बाजूला नसतो तिथेही मी हेच लिहितो. निरनिराळ्या देशांतल्या ग्राहकांसाठी निरनिराळी यंत्रणा चालवणं कंपनीला खर्चिक पडतं, आणि त्या एका कारणाने मधूनच एखादीकडून नावांची खरीखुरी यादी येते. शेवटची आली ती लांबलचक होती. त्यातल्या बहुतेक कंपन्यांची नावं मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती. आता त्यांना एकेक करून लिहायला घेतलं आहे.